पाचव्या चक्रव्यूहातली पायरी

"वळ! अगं वळ! बोका आला, बोका!" शेपूट खुर्चीवर उभा राहून ओरडत होता.

"तू आधी खाली बस, मग वळते!" भिंगरी दातओठ खात खेळाची दांडी फिरवत होती.

शेपूट हा भिंगरीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे हा मागोमाग, म्हणून शेपूट. तिसरा होता शेजारचा चष्मिष. खेळातल्या चुका टिपून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. आणि सुट्टीतली ही चैन कुणामुळे? मामामुळे! 'दाणेचोर' नावाचा एक जुना खेळ होता, दुकानातल्या मोठ्या पेटीत नाणं टाकून खेळायचा. चक्रव्यूहातले दाणे टिपत पळणारा उंदीर आणि त्याच्या मागे लागलेले चार बोके! मामाच्या कंपनीत तो नव्या रूपात तयार होत होता. बाजारात आणण्याआधी तो मामाच्या घरी मुलांकडून खेळवून घ्यायचा होता, आणि सुट्टीत भाच्यांइतकं रिकामटेकडं दुसरं कोण मिळणार?

भिंगरीचा मामावर भारी जीव. दांडी कशी धरायची, बोक्याला हुलकावणी कशी द्यायची, सगळं त्यानेच शिकवलेलं.

चौथा चक्रव्यूह संपला आणि पडद्यावर पाचवा उघडला. भिंगरीचा हात जागच्या जागी थांबला. उंदीर उभाच राहिला आणि बोक्याने त्याला मटकावलं.

"ताई! झोपलीस का?"

"हा माझा आहे," भिंगरी पुटपुटली. "हा चक्रव्यूह मी काढलाय. त्या हरवलेल्या वहीत!"

गेल्या सुट्टीत ती वही मामाच्या घरी हरवली होती. भिंगरीने रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मामा तिच्याबरोबर पलंगाखाली शिरला होता, कपाटामागे बॅटरी मारून बघत होता. शेवटी त्याने तिचे डोळे पुसले होते. सगळं तिला स्वच्छ आठवत होतं.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन मामाच आला.

"मामा, हा पाचवा चक्रव्यूह कुणी काढला?"

"मी! का गं? जमलाय ना झकास?"

"पण कोपऱ्यातला हा गोगलगाईसारखा वळसा माझा आहे!"

मामा हसला. "वेडाबाई, सगळे चक्रव्यूह सारखेच दिसतात. बरं, तुझ्या चक्रव्यूहात ही पायरी होती?"

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. प्रत्येक आडवा रस्ता बरोबर मधोमध आला की एक चौकोन वर चढत होता आणि मग पुढे जात होता. चष्मिषने ते टिपूनही ठेवलं होतं: 'बोके मधल्या पायरीवर अडखळतात.'

"नव्हती," भिंगरी म्हणाली. "माझे रस्ते सरळ होते."

"मग झालं तर!" तिची वेणी ओढून मामा निघून गेला.

भिंगरीला स्वतःचीच लाज वाटली. ज्याने आपले डोळे पुसले, त्याच्यावर आपण संशय घेतला! पण चष्मिष काही गप्प बसेना. "पायरी बरोबर मधोमधच का? जुन्या खेळात तर एकही पायरी नाही!"

संध्याकाळी तिघं भिंगरीच्या घरी जमले. भिंगरीने चौकोनी वही घेतली आणि समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून आठवेल तसा आपला चक्रव्यूह पुन्हा काढला. रस्ते पट्टीने आखलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

शेपूट बोटाने चौकोन मोजायला लागला. "ताई, चुकलीस! हा रस्ता डाव्या पानावर वरून चौदाव्या चौकोनात आहे आणि उजव्या पानावर तेराव्या!"

"हट्! सरळ तर दिसतोय!"

"मग मोज तूच!"

तिने मोजले. चौदा आणि तेरा. दुसरा रस्ता नऊ आणि आठ. चष्मिषने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"अरे, त्या वह्या कशाला घेतल्या?" बाबा आतून बाहेर येत म्हणाले. बाबा वह्या बांधायचं काम करत. "तो गठ्ठा वाया गेलेला आहे. कागद दुमडताना माझी चूक झाली. उजव्या पानावरचे चौकोन एका घराने खाली सरकलेत. दुकानदार घेईना, म्हणून घरी आणल्या."

"आणि माझी हरवलेली वही?"

"याच गठ्ठ्यातली की!"

मग भिंगरी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. कोडं सुटलं होतं, पण तिला जराही आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅडम मामाच्या घरी खेळ बघायला आल्या. चष्मिषने अगदी साळसूदपणे विचारलं, "मामा, पाचवा चक्रव्यूह तुम्ही आधी कागदावर काढला होता का?"

"छे! थेट संगणकावर."

"मग मधली पायरी?"

"गंमत म्हणून ठेवली!"

भिंगरीने कालची वही मॅडमपुढे उघडली. "मॅडम, माझ्या हरवलेल्या वहीतला चक्रव्यूह मी तशाच वहीत पुन्हा काढलाय. हे रस्ते सरळ आहेत ना? आता दोन्ही पानांवर वरून चौकोन मोजा."

मॅडम मोजू लागल्या. पडद्यापाशी उभा राहून शेपूट तिथले चौकोन मोठ्याने सांगत होता. "चौदा, तेरा!" वहीतही चौदा, तेरा. "नऊ, आठ!" वहीतही तेच. पाचही आडवे रस्ते तंतोतंत जुळले!

"ज्याने ही पायरी केली, त्याने अशाच वाकड्या वहीतून चौकोन मोजून उतरवून घेतलेत," चष्मिष म्हणाला. "थेट संगणकावर काढणाऱ्याची अशी चूक होणारच नाही!"

मामाचे कान लाल झाले होते. शेवटी त्याने टेबलाचा खण उघडला आणि निळ्या पुठ्ठ्याची वही बाहेर काढली.

"मला चक्रव्यूह सुचतच नव्हता गं," तो म्हणाला. "वाटलं, लहान आहे, विसरून जाईल."

"तू माझ्याबरोबर पलंगाखाली शिरलास!" भिंगरी कळवळून म्हणाली. "वही तुझ्याकडे होती आणि तू माझ्याबरोबर शोधत होतास!"

मामाने वही तिच्या हातात ठेवली.

"शाबास, पोरांनो!" मॅडम म्हणाल्या. "आमच्या मोठमोठ्या माणसांना जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधून काढलंत. पाचव्या चक्रव्यूहावर हिचंच नाव लागेल. आणि तुमच्याशी," त्या मामाकडे वळल्या, "मी नंतर बोलते."

शेपूट टाळ्या पिटत नाचायला लागला. भिंगरी मात्र वही चाळत होती. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाची एक कड उरली होती.

"पहिलं पान कुठे आहे?"

"फाडलं," मामा जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला.

"काय होतं त्या पानावर?" मॅडमनी विचारलं.

भिंगरीने डोळे पुसले, या वेळी स्वतःच.

"मी लिहिलं होतं, 'माझ्या मामाला, वाढदिवसाची भेट.'"

मग तिने वही छातीशी धरली, शेपटाचा हात पकडला आणि ती जिना उतरू लागली.