कामासकट

फाटकाच्या गजांमधून आत आलेला डबा दामिनीनं उघडला, भातात चमचा खुपसला आणि खालून एक पुडी वर आली. तंबाखू-सुपारीचा खर्रा!

"हे काय जी?"

बाहेरच्या तरुणाचे कान लाल झाले. "मले खरंच माहीत नाही... डबा मायनं भरला."

"मग मायले सांगा, इथं दारूसंगं खर्राही सुटते." तिनं पुडी त्याच्या हातावर ठेवली. बोटांना बोटं टेकली — क्षणभरच.

तो दूरच्या बोदलकसा गावचा गजेंद्र. त्याचे वडील श्यामलाल दारू सोडायला कुडव्याच्या या व्यसनमुक्ती केंद्रात राहिले होते. दामिनी इथं रुग्णांची देखभाल करायची. हात थरथरणाऱ्यांना घास भरवायची, ओकारी पुसायची. कोणी पळू लागलं की फाटकाशी पाय रोवून उभी राहायची.

गजेंद्र दर रविवारी येऊ लागला. बाबांची चौकशी झाली तरी पाय निघत नसे.

"तुमी जेवले का जी?"

"माझी कायले चौकशी?"

"बाबा तुमच्या धाकानं जेवते म्हणे. तुमाले कोणाचा धाक आहे, ते पाहून राहिलो."

तिनं हसू ओढणीत लपवलं. पण एका रविवारी त्याचा आवाज अडखळला, "एक विचारू...?" तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "नाही. तुमचे बाबा इथं आहेत तोवर काहीच नाही."

त्यानं मान डोलावली. पुन्हा विषय काढला नाही.

श्यामलाल बरे होऊन घरी गेले. धान कापून झालं आणि एका दुपारी गजेंद्र रिकाम्या हातांनी फाटकाशी आला.

"आता विचारू? लग्न करान माझ्याशी?"

होकार दामिनीच्या ओठांवर आला. तरी तिनं आधी विचारलं, "माय काय म्हणते?"

"म्हणते... सुनेनं दारुड्यांची ओकारी पुसाची नाही."

"मग झालं. मी हे काम सोडणार नाही." ती वळली. डोळे भरून आले होते, पाय मात्र थांबले नाहीत.

"पुरतं आयका तं! बाबा मायले म्हणाले, माझी त्या पोरीनंच पुसली. येईल तं कामासकट येईल. मग माय म्हणाली, आण."

दामिनी थांबली.

"बोदलकशाहून तुमाले रातपाळीले येणं जमणार नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "मी कुडव्यात खोली पाहून राहिलो. शेतावर मीच जाईन गाडीनं."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. "आली!" म्हणत ती निघाली आणि दारातून मागे वळली.

"खोली एकट्यानं नका पाहू जी... सहाले सुटते माझी पाळी."