शेवडेबाबूंचं अक्षर

बाबूरावांच्या पिशवीतला चौथा कागद उलगडला मात्र, कुमुदिनीचा टाक हातातच थबकला... कागदावर तिचंच नाव होतं!

‘प्रार्थिनी कुमारी कुमुदिनी शेवडे का एक पैर निर्बल होने से वह कार्यालय के काम के लिए अयोग्य है।’

अयोग्य! अहाहा, काय पण न्याय! होळकर दरबार जाऊन मध्यभारत सरकार आलं, तरी कचेरीत शेवडेबाबूंच्या मोत्यासारख्या अक्षराची वाहवा चालूच होती, आणि ते अक्षर होतं कुणाचं? बाबूरावांची नजर तीन वर्षांपासून विझत चालली होती. मसुदे ते पिशवीत घालून घरी आणत आणि लहानपणी तापात डावा पाय लुळा पडलेली त्यांची थोरली लेक पाटावर बसून त्यांच्या सुबक नकला करी... पेन्शनीला दीड वर्ष उरलं होतं, तोवर हे कुणाला कळता कामा नये, एवढंच!

त्याच कचेरीतल्या कारकुनाच्या जागेसाठी अर्जही तिनं त्यांना चोरूनच धाडला होता. कारण एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले होते, “तू कचेरीचा जिना चढशील अन् लोक हसतील, बेटा. मला नाही बघवायचं.” लेखी परीक्षेत ती पहिली आली. मग नेमणुकीआधीच्या तपासणीत तुकोगंजातल्या सरकारी डॉक्टरनं तिला खोलीभर चालवलं, नुसतं चालवलं! तिच्या हातांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

“काय गं, थांबलीस का?” बाबूरावांनी विचारलं. “काय आहे त्यात?”

सांगून टाकावं? पण बाबा तडक साहेबांपुढे उभे राहतील, शब्दानं शब्द वाढेल आणि त्यांचंच बिंग फुटेल... उतारवयात नोकरी गेली तर आईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

“नेहमीचंच, बाबा. कुणाच्या तरी अर्जाला नकार.”

“मग नीट लिही हो. नकारसुद्धा देखणा असावा!”

आणि त्या अभागी मुलीनं स्वतःचा नकार स्वतःच्या हातानं, एकही डाग न पाडता, देखणा करून लिहिला!

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आतच बाबूराव भिंत चाचपत घरात शिरले.

“कुमू... ‘नेहमीचंच’ म्हणालीस मला?” त्यांचा आवाज फाटला. “साहेब सही करता करता म्हणाले, ‘बाबूरावजी, अक्षर तो कमाल! और ये कुमुदिनी शेवडे, आपके रिश्ते में है क्या?’ पोरी, मला तर कागदावर काय आहे हेच ठाऊक नव्हतं गं!”

“बाबा, तुम्ही काही बोलला तर नाहीत ना?”

“बोललो! सगळं बोललो! म्हटलं, साहेब, ज्या मुलीला अयोग्य ठरवलंत, हा कागद तिनंच लिहिलाय. तीन वर्षं मला धड दिसत नाही, तरी मी लायक... आणि ती नालायक?”

“अहो, हे काय करून बसलात!” ती ओरडलीच. “तुमची नोकरी... मी गिळलं होतं ना सगळं!”

“तू किती गिळायचंस? आणि मी किती दिवस तुझ्या जिवावर वाहवा घ्यायची?”

“मग साहेब काय म्हणाले?”

“‘नियम तो नियम है.’ माझा राजीनामा मागितलाय. पण तुझ्या कागदावर सही नाही केली. उद्या तुला समोर बसवून लिहायला सांगणार आहेत. जागा मिळेलच असं नाही, बेटा... घे, लिही माझा राजीनामा.”

तिनं लिहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिचं अक्षर थरथरलं.

“खाली माझं नाव घातलंस? आता त्याखाली लिहिणाराचं घाल. जुन्या दस्तात घालायचे तसं. तीन वर्षं ते मी चोरलं, कुमू... मला क्षमा कर!”

डोळ्यांतल्या पाण्यातून तिला ओळ दिसेना, तरी तिनं लिहिलं : ‘लिहिणार, कुमुदिनी बाबूराव शेवडे.’

“उद्या मीही येतो,” बाबूराव तिचा हात घट्ट धरून म्हणाले. “जिन्यावर हळूहळू चढू.”

“लोक हसतील, बाबा.”

“हसू देत. मी तुझ्या शेजारीच असेन.”