होप स्ट्रीटची दोन टोकं

"अगं बाई… हे तर गोल आहे!"

देविका साळवे दारातच थबकली. मँचेस्टरच्या हॉस्पिटलात नर्स असलेली देविका सुट्टीचा रविवार गाठून लिव्हरपूलचं जुन्या धाटणीचं, उंच मनोऱ्याचं कॅथीड्रल बघायला आली होती. आणि समोर हा काचेचा मुकुट घातलेला भलामोठा तंबू!

"चौकोनी हवं होतं का?" मागून कुणीतरी चक्क मराठीत विचारलं.

तिनं वळून पाहिलं. ओले केस, हसरे डोळे. तो वसईचा मेल्विन लोपीस, इथे सॉफ्टवेअरमध्ये.

"हे आम्हा कॅथलिकांचं. प्रॉटेस्टंटांचं अँग्लिकन कॅथीड्रल याच होप स्ट्रीटच्या त्या टोकाला. चला, सोडतो."

"एवढ्या पावसात?"

"याला इथे पाऊस म्हणत नाहीत…"

एका छत्रीतून चालता चालता तो सांगत होता, "गंमत माहितीये? तुमच्या त्या अँग्लिकन कॅथीड्रलचा आराखडा एका कॅथलिक माणसानं काढलाय. आणि आमचं बांधणारा कॅथलिक नव्हता."

"म्हणजे भांडणं फक्त आपल्या घरांत!" देविका हसली. तिचे पप्पा नगरला प्रॉटेस्टंट चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते.

मग तिचे सुट्टीचे रविवार असेच जाऊ लागले. सकाळी त्याच्या कॅथीड्रलमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, संध्याकाळी तिच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थना आणि मधे कॉफी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका मिस्साला मात्र तिचा चेहरा उतरला. कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याची रांग लागली आणि ती बाकावरच राहिली. कॅथलिक नसलेल्यांना ते मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी आत कुठेतरी टोचलंच. रांगेतला मेल्विन मागे फिरला आणि तिच्याशेजारी येऊन बसला.

"अरे, जा ना!"

"नको… आज इथेच बरं वाटतंय."

त्या संध्याकाळी अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये स्तोत्रं सुरू झाली. या प्रार्थनेत कम्युनियन नसतंच. कुणी उठायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. एकाच पुस्तकातून दोघं गायली. त्याचा सूर सपशेल चुकत होता, आणि देविकाला तो फार फार आवडत होता.

बाहेर पायऱ्यांवर येताच ती म्हणाली, "मेल्विन, आपण हे इथेच थांबवायला हवं. पप्पांना कळलं तर—"

"त्यांना कळलंय."

"काय?"

"काल त्यांच्या चर्चच्या नंबरवर फोन केला मी. आधी माझी पूर्ण चौकशी केली. मग विचारलं, माझ्या मुलीला चर्च बदलायला लावशील का? म्हटलं, नाही अंकल. ती आहे तशीच हवीय मला."

"आणि तुझी आई?"

"दोन दिवस रुसली होती. आज म्हणाली, लग्न वसईत लावा, दोन चर्चच्या लग्नाला लागणारी बिशपांची परवानगी मी मागते. तसं कळवलं तर तुझे पप्पाही म्हणाले, आशीर्वाद द्यायला येतो."

देविकाचे डोळे भरून आले. मग तिनं भुवया उंचावल्या. "सगळ्यांना विचारलंस. मला कधी विचारणार?"

मेल्विन गोरामोरा झाला. "देविका, तू… माझ्याशी…"

नेमक्या त्याच वेळी मनोऱ्यातल्या घंटा घणघणू लागल्या. त्याचे ओठ हलत राहिले.

"ऐकू नाही आलं!" ती ओरडली.

त्यानं पुन्हा विचारलं. मग बेंबीच्या देठापासून ओरडून. पायऱ्यांवरची एक गोरी आजीबाई वळून बघू लागली.

खरं तर देविकाला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पण असं काही माणूस एकदाच ऐकून सोडतं का? तिनं तिसऱ्यांदा त्याचं पुरं होऊ दिलं, आणि मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "हो… हो रे वेड्या!"