नऊ गोणी राख

गावावरच्या हिमनदीत चार वर्षांपूर्वी पाच बांबू रोवले होते. ते किती उघडे पडले हे मोजून आणायचं, एवढंच यांगडोल, मोरुप आणि गोंबो या तिघांचं काम. बांबू जेवढा उघडा, तेवढा बर्फ गेला. त्यावरून ओढ्याला आणखी किती वर्षं पाणी राहील, ते हिमनद्यांचा अभ्यास केलेली यांगडोल सांगणार होती. वीस वर्षं निघाली, तर लुंगमारची चोवीस घरं नवा कालवा खोदून वाटाणा लावणार. कमी निघाली, तर नदीकाठच्या उजाड माळावर घरं हलवावी लागणार. लडाखच्या त्या कोपऱ्यात एवढा मोठा निर्णय पाच काठ्यांवर येऊन ठेपला होता.

यांगडोलचा मामा मोरुप गावचा चुरपोन होता. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे तोच ठरवायचा. खरं तर हा मान दर वर्षी घरोघर फिरतो. पण तीन वर्षांपूर्वी सगळीकडे पेरण्या खोळंबल्या असताना लुंगमारच्या ओढ्याला पाणी आलं आणि गावाने मोरुपला त्या जागेवरून हलूच दिलं नाही.

त्या पाण्याचं गुपित मोरुपच्या पोटात होतं आणि ते त्याला सुखाने जेवू देत नव्हतं.

"आचो, सासरी निघालास का? पाय उचल की!" चढावर पुढे गेलेला गोंबो मोरुपला ओरडला. आचो म्हणजे दादा. गोंबो जुना शिकारी. आता शिकार सुटली होती, जीभ मात्र शाबूत होती.

मोरुप मुद्दाम रेंगाळत होता; उशीर झाला तर ओढ्यावरूनच परत फिरावं लागेल, अशी त्याला आशा होती. ओढा सकाळीच ओलांडायचा असतो. ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी फुगतं. ते पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि राखाडी पाणी धोंडे गडगडवत चाललं होतं!

गोंबो दोर घेऊन आधी उतरला. मागून यांगडोल. मध्यावर तिचा पाय सटकला. दोर ताणला. मोरुपने तिचं मनगट पकडलं. ती वाचली, पण पाठीवरचा तंबू गेला, निम्मा शिधाही गेला. ती रात्र तिघांनी एका कपारीत कुडकुडत काढली. सातूचं पीठ तेवढं उरलं होतं.

सकाळी हिमनदीवर धुकं उतरू लागलं होतं.

"वरचे तीन तुम्ही बघा," मोरुप घाईने म्हणाला. "खालचे दोन मी मोजतो."

"एकटा नको, अजांग. बर्फ पोकळ झालाय," यांगडोलने मामाला अडवलं.

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून चढतोय मी इथे!"

खालचे दोन्ही बांबू बर्फातून पुरते सुटून आडवे पडले होते. भोवतीचा बर्फ चुलीच्या तोंडासारखा काळा होता. मोरुपने इकडेतिकडे पाहिलं. धुक्यात कोणी दिसत नव्हतं. एक बांबू उचलून त्याने फटीत उभा केला आणि घट्ट बसावा म्हणून टाचेने भोवतीचा बर्फ ठोकला.

कड्! पायाखालचं सगळं खचलं!

तो दोन पुरुष खोल जाऊन बर्फाच्या एका पायरीवर आदळला. खालून पाण्याचा घोंगावता आवाज येत होता. त्याने जिवाच्या आकांताने हाक मारली. वरून दोर आला. तो काखेत अडकवायला बोटं वळेनात. एकदा निसटला. पुन्हा आला. "धर, म्हाताऱ्या! तुला इथे ठेवून गेलो तर तुझी बायको मला उभा सोलेल!" गोंबो ओरडत होता, ओढत होता आणि रडतही होता.

मोरुप वर आला. यांगडोल मात्र त्या खड्ड्याच्या काठाकडे आणि तिथे नुकत्याच ठोकलेल्या बर्फात तिरक्या उभ्या बांबूकडे टक लावून बघत होती. तिने काळा थर नखाने खरवडला. हातात जर्दाळूची एक जळकी बी आली.

"ही चुलीतली राख आहे, अजांग."

मोरुपने मान खाली घातली. "नऊ गोणी. तुझ्या मामीने अन् मी गाढवांवरून आणली. वसंतात शेतावरचा बर्फ लवकर वितळावा म्हणून आपण माती टाकतोच ना? म्हटलं, इथेही टाकू. एका पेरणीपुरती. मला वाटलं, वाहून जाईल."

"अन् बांबू का उभा केलास?"

"लाज वाटली."

"तुझ्या लाजेपायी चोवीस घरांनी कोरडा कालवा खोदला असता!" ती ओरडली. मग ती दगडावर बसली आणि आकडे मांडू लागली. "राख नसती तर अकरा वर्षं. आता सात."

म्हणजे कालवा तसाही वायाच जाणार होता. मोरुपला त्याने तसूभरही बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाव जमलं तेव्हा तो लंगडत पुढे आला. "सात वर्षं," तो म्हणाला. "अकरा होती. चार मी खाल्ली." मग त्याने सगळं सांगितलं आणि पाणी वळवायचं चुरपोनचं फावडं जमिनीवर ठेवलं.

कोणीतरी शिवी हासडली. कालव्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. बायका माळाकडे बघत होत्या. तिथे एकही झाड नव्हतं.

शेवटी म्हातारी आबी स्पाल्झेस उठली. राखेच्या वर्षी पहिलं पाणी तिच्याच शेतात आलं होतं. तिने फावडं उचललं आणि मोरुपच्या हातात कोंबलं.

"सुटतोस कुठे? राहिलेली सात वर्षं पाणी तूच वाटायचं. अन् शेवटच्या दिवशी ओढ्याचं दार तुझ्याच हाताने बंद करायचं."