‘या’ म्हटलं त्या दुपारी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच दारात घडलंय. माझी लेक पूर्वी झोपलीय तोवर लिहून काढते. ती जागी असताना हा विषय काढायची माझी छाती होत नाही.

एप्रिल २०२१. मुलुंड. आमच्या विद्यापीठाच्या आवारातले स्टाफ क्वार्टर्स, पहिला मजला. रात्र नव्हती. रणरणती दुपार होती.

पूर्वी तेव्हा दहा महिन्यांची. सौरभ, माझा नवरा, पॉझिटिव्ह आला म्हणून समोरच्या वसतिगृहात, विलगीकरणात. घरात आम्ही दोघीच.

विद्यापीठाच्या हेल्पलाइनचं काम मी घरून करायचे. आजारी असलेल्यांना फोन करायचे, रोजची सूचना लिहायचे. ती सूचना आमचे वॉचमन काशीरामकाका भोंग्यावरून आवारभर वाचत फिरायचे. माझं शुद्ध मराठी वाचून झालं की पदरचं मालवणी जोडायचे.

“विनाकारण बाहेर पडू नये... आणि तिसऱ्या माळ्यावरच्या सरांनी गच्चीत जाव नये. माका हयसून दिसता.”

सगळी बिल्डिंग हसायची.

आमच्या खिडकीखाली ते हमखास थांबायचे. पूर्वी वरून हात पसरायची. एकदा मी तिला घेऊन खाली उतरले, तर तेच झटकन मागे सरकले. नियम म्हणजे नियम.

“ह्या सगळा निवळला की तुका घेतंय हां, बाय.”

मग तेच आजारी पडले.

ॲम्ब्युलन्समधून त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. धाप लागली होती.

“मॅडम... येतंय हां.”

आपल्यात निघताना ‘जातो’ कुणी म्हणत नाही. मीही रीतीप्रमाणे म्हटलं, “या, काका. लवकर या.”

पुढच्या आठवड्यातली दुपार. पूर्वीला भरवत होते. अचानक बाहेरचे कावळे गप्प झाले.

पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येत नव्हता.

दारावर टकटक झाली.

तेव्हा सामान आणणाऱ्यानं ते बाहेरच्या स्टुलावर ठेवायचं आणि निघून जायचं, अशी पद्धत होती. मी थांबले.

पावलं परत गेली नाहीत.

आणि मग...

“मॅडम... इलंय.”

माझा जीव भांड्यात पडला. काका बरे होऊन आले. मास्क लावला, कडीला हात घातला, तेवढ्यात फोन वाजला. दीप्ती. हेल्पलाइनवरची माझी जोडीदार. रडून आवाज बसला होता तिचा.

“अगं, आजच्या सूचनेत काशीरामकाकांचं टाकायचंय. पहाटे गेले ते. ‘दुःखद निधन’ लिहू ना?”

माझा हात कडीवरच होता.

“ऐकतेयस ना? यार, काहीतरी बोल.”

फोन कधी खाली ठेवला, आठवत नाही. दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं...

तीच धाप.

पूर्वीला बसवलं होतं तिथे बघितलं. ती नव्हती.

ती रांगत माझ्या पायाशी आली होती. बंद दाराकडे तोंड करून... दोन्ही हात वर. उचलून घ्या म्हणून.

हसत होती.

मी तिला झडप घालून उचललं. ती माझ्या कडेवरून दाराकडे झेपावत राहिली.

त्यांना हाकलायला जीभ रेटेना. तिच्या काळजीपोटी त्या माणसानं तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण लेक माझी होती. कसंही करून त्यांना निरोप द्यायला हवा होता. मी तिला घट्ट धरलं, मान लववली, आणि तोंडातून सवयीचंच निघालं...

“बरं. या, काका.”

निरोप देताना आपण हेच म्हणतो ना.

शब्द बाहेर पडल्यावर कळलं, मी काय म्हटलं ते.

धाप थांबली.

पंख्याचा आवाज परत आला. कडी जशीच्या तशी. पण पूर्वी आता दाराकडे बघत नव्हती...

माझ्या मागे, खोलीत बघत होती.

सौरभ बरा होऊन घरी आला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, झोप नाही, ताण, तुला भास झाला असेल. असेल. नंतर आम्ही कांदिवलीला राहायला आलो. पूर्वी शाळेत जाते आता. एवढ्या वर्षांत साधा ताप नाही आला तिला. डॉक्टर म्हणतात, नशीबवान पोर आहे.

माझी खरंच काही तक्रार नाही.

फक्त तिला शाळेत सोडायला निघते, तेव्हा तिचा एक हात माझ्या हातात असतो. दुसरा अंगापासून जरा उचललेला... मूठ अर्धवट मिटलेली. कुणाचं तरी बोट धरावं, तशी.

आणि रस्ता ओलांडताना ती माझ्याकडे बघत नाही.

त्या बाजूला मान वर करून बघते... आणि मगच पाऊल टाकते.