स्टील गिटारचा खोकला

राजारामपुरीत संगमेशअण्णांचं कापडाचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. ते साड्या विकायचे, मी अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अण्णा मागच्या खोलीत जाऊन स्टील गिटार वाजवायचे. ही गिटार गळ्यात अडकवायची नसते. चार पायांवर आडवी मांडलेली, दहा तारांची. तारांवरून हातानं लोखंडी कांडी सरकवायची आणि खाली पायानं पेडल दाबून सूर ओढायचा. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी ती कुठल्याशा बंदरातून आणली होती. दुकानातल्या बायका तिला इस्त्रीचं टेबल समजून तिच्यावर पिशव्या ठेवायच्या.

नव्व्याण्णव साली दिवाळी झाली आणि तिचं पिकअप गेलं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. गिटारची तार थरथरली की ते पकडतं आणि स्पीकरकडे धाडतं. वेढे आतून तुटले होते. नवं पिकअप घ्यायला लागणार, असं अण्णांनी घरी सांगितलं. त्यांच्या आईनं, चन्नम्माअव्वांनी, खूश होऊन दारातली जागा झाडून घेतली आणि पूजेला नारळ आणून ठेवला. कापडाचे गठ्ठे न्यायला गाडी येणार, असा त्यांचा समज. मी खोक्यातून वीतभर लांबीची वस्तू काढून दाखवली. अव्वांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली.

"चाकं कुठं हाईत?" त्यांनी विचारलं.

घाई होती. अण्णांच्या मुलीचं, साक्षीचं, लग्न मार्गशीर्षात होतं. तिनं बापाकडे दागिना मागितला नव्हता, शालू मागितला नव्हता. रिसेप्शनला तुम्ही स्वतः वाजवा, एवढंच म्हणाली होती. अण्णांनी चारचौघांत कधी वाजवलं नव्हतं. ते आठवडाभर धड जेवले नाहीत.

मुंबईहून आलेलं पहिलं पिकअप बसवलं, तर पत्र्यावर चमचे पडल्यासारखा आवाज आला. दुसरं दिल्लीचं. ते गोड होतं, पण गोधडीतून बोलल्यासारखं. तिसरं मलकापूरच्या पिराजीनं आणलं. मोडलेल्या ऑर्केस्ट्रांचं सामान विकत घ्यायचा त्याचा धंदा. हे कुठल्या गिटारचं, म्हणून विचारलं तर म्हणाला, गिटार नव्हतीच. एका ट्रंकेत नुसतं हेच होतं, लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं.

ते बसवलं आणि अण्णांनी एकच सूर लावला. रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकत थांबला. अण्णांचे डोळे भरून आले. ह्याला गळा आहे, असं ते म्हणत असतानाच स्पीकरमधून कुणीतरी खोकलं.

सुका खोकला. दोनदा. मग घसा साफ केल्याचा आवाज.

मला हसू आलं. पिकअपचे वेढे सैल असले की ते माइकसारखं आजूबाजूचे आवाज पकडतं, हे मी डिप्लोमाला शिकलो होतो. माझे वडील दर पौर्णिमेला विहारात जायचे. ऐकलं म्हणून खरं मानायचं नाही, आधी तपासून बघायचं, असं ते सांगायचे. मी तपासलं. खोलीत खोकणारं कुणी नव्हतं. मग वेढे घट्ट व्हावेत म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढलं. पुन्हा बसवलं. खोकला आला, पण आता तोंडावर रुमाल धरल्यासारखा.

अॅम्प्लिफायर बदलला, वायरी बदलल्या. शहरात वायरलेसचे सिग्नल फार, म्हणून सगळं टेंपोत घालून कळंब्याला तलावाजवळ अण्णांच्या मित्राच्या शेतघरात नेलं. तिथं गार वारं सुटलं होतं. खोकला इतका वाढला की मधे श्वास पुरेना. आम्ही परत निघालो. वाटेत अण्णांनी कोट काढून गिटारवर घातला.

अव्वांनी मात्र मला चांगलंच झापलं. असल्या वाऱ्यात खोकणाऱ्याला बाहेर नेलंसच कसं, एवढा शिकला आहेस तर एवढं कळू नये? त्यांनी सुंठ, अडुळसा आणि गूळ घालून काढा उकळला आणि पेला स्पीकरपुढं ठेवला. पिकअपमध्ये फक्त चुंबक आणि तार असते, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेल्यावर बशी झाकली. सकाळी खोकला निम्म्यावर आला होता. पेला किती भरलेला आहे, हे मी बघितलं नाही. बघायचं टाळलं.

दिल्लीचंच बसवू या, असं मी अण्णांना परोपरीनं सांगितलं. भर मांडवात गिटार खोकली तर व्याही काय म्हणतील? अण्णा ऐकेनात. साक्षीनं हाच आवाज ऐकला होता आणि तिला हाच हवा होता. अव्वांनी काढा चालूच ठेवला. लग्नाच्या आदल्या दिवशी खोकला पार थांबला, तेव्हा त्यांनी पिकअपवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

रिसेप्शनला संध्याकाळी कार्यालय गच्च भरलं. संकेश्वरकडचे व्याही पहिल्या रांगेत बसले होते. अण्णांनी पहिलं गाणं सुरू केलं आणि जेवणाच्या पंगतीतलं बोलणं थांबलं. स्टेजवर उभी असलेली साक्षी नवऱ्याला विसरून बापाकडे बघत होती. गाणं संपल्यावर व्याही उठून उभे राहिले. मी स्टेजच्या कडेला मिक्सरशेजारी बसलो होतो, मलाही रडू आलं.

दुसऱ्या गाण्यासाठी अण्णांनी तारांवर कांडी ठेवली आणि ते थांबले.

स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता. संथ, खोल. गाढ झोपलेल्या माणसाचा.

टाळ्या अजून चालू होत्या. तो श्वास ऐकू आला आम्हा तिघांनाच. अण्णांना, मला, आणि स्पीकरला लागून खुर्ची टाकून बसलेल्या अव्वांना.

आवाज कमी करायला माझा हात बटणाकडे गेला. झोपलेल्याच्या तोंडावर हात ठेवतोय असं वाटलं. मी हात मागे घेतला.

मग दुसराच आवाज आला. बाईचा. दबका.

"आत्ता कुठं डोळा लागलाय. वाजवू नगा."

अण्णांनी कांडी अलगद उचलून मांडीवर ठेवली. सनईवाल्यांना त्यांनी हातानंच खूण केली. सनई सुरू झाली, लोक पुन्हा जेवणाकडे वळले.

अव्वा मात्र घाबरल्या नव्हत्या. शेजारच्या घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तशा त्या स्पीकरकडे वाकल्या.

"बाई, तुझा कोण गं त्यो?"

आतून पांघरूण सारखं केल्यासारखी सळसळ आली.

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "मी हितं आलो तवापास्नं त्यो खोकतोय."