भर दुपारची ओदी

"ओदी..."

मामाचा तो आवाज अजून कानात आहे. स्वतःच्या बहिणीच्या घरीही तो असाच ओदी, म्हणजे "येऊ का", म्हणून बाहेर थांबायचा. आतून "ओदिनी", म्हणजे "या", असं आलं की मगच पाऊल टाकायचा.

"उत्तर आल्याशिवाय कुणाच्या दारात शिरायचं नाही, झेलिपा," तो म्हणायचा. "आपण पाळतो. मेलेलेही पाळतात."

सांगते ते घडलेलं आहे. मी तिथे होते. आजही दुपारी झाडावरचे होले घुमायचे थांबले की माझ्या हातातलं काम थांबतं.

लुआंग्वा नदीकाठच्या सफारी तळावर मी स्वयंपाक करायचे. गवताच्या झोपड्या. पाऊस आला की मोडायच्या, ओसरला की पुन्हा बांधायच्या.

त्या वर्षी मालकाने तळ हलवला. वळणावरच्या चिंचांखाली.

तिथे पूर्वी मामाचं गाव होतं. जंगल राखीव झालं आणि गाव उठवलं. जिवंत माणसं निघून गेली. पुरलेली तिथेच राहिली.

म्हणून बांधण्याआधी झाडाखाली पीठ ठेवायचं, ओदी म्हणायचं, परवानगी मागायची. ते काम माझ्या धाकट्या भावाकडे होतं. मसाउसो. तळाचा बंदूकवाला राखणदार.

"मागितलीस ना रे?"

"मागितली, ताई. किती वेळा विचारशील?"

ऑक्टोबर महिना. नदीची नुसती वाळू झालेली. हत्तीही सावली सोडत नव्हते. मालक गाडीखाली आडवा झाला होता. तळावर एकच पाहुणी उरली होती, मार्लेनबाई. ती जेवून झोपायला गेली.

होले घुमत होते...

मग थांबले. सगळे, एकदम.

"ओदी..."

बाईच्या झोपडीकडून आलं.

मसाउसो मक्याच्या घट्ट न्शिमाचा घास हातात धरून हसला. "बाईच असेल. तू शिकवलंस तिला, आता माकडांनाही ओदी म्हणते."

"स्वतःच्याच दारात उभी राहून म्हणेल होय रे, शहाण्या?"

त्याचं हसू गेलं.

"ओदी..."

आणि आतून बाईचा झोपाळलेला, खूश आवाज आला.

"ओदिनी."

आम्ही धावलो.

सकाळी मी ती वाट झाडली होती. वाळूवर खराट्याच्या रेघा तशाच होत्या. दाराकडे जाणारं एकही पाऊल नव्हतं...

बाई बाहेर जमिनीवर बसली होती. अनवाणी.

"आत खूप जण आहेत," ती म्हणाली. "मला म्हणाले, ऊठ. जागा नाही म्हणाले."

मसाउसोने दाराची चटई बाजूला केली.

खाट रिकामी होती. पण मच्छरदाणी...

फुगत होती. बसत होती. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. बाहेर पानही हलत नव्हतं.

"ऊन लागलंय हिला," मागून आलेला मालक म्हणाला. बाईला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तळावर आम्ही दोघंच उरलो.

स्वयंपाकघरात येऊन बसलो. होले अजून गप्पच.

"ओदी, मसाउसो..."

बोरूच्या काड्यांच्या कुडापलीकडून. अगदी जवळून.

मामाचा आवाज. मामाला पुरून दोन पावसाळे झाले होते.

मसाउसोचे ओठ उघडले. मामाने हाक मारावी आणि आम्ही उत्तर देऊ नये, असं आयुष्यात घडलं नव्हतं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याचे दात माझ्या तळव्यात रुतले.

"ओदी..."

आवाज मामाचाच. माया मात्र त्यात नव्हती.

कुड आत वाकला. बाहेरून कोणी रेलावं तसा. बोरू कडकडले...

मी हात काढला नाही.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग एक होला घुमला. मग दुसरा.

मसाउसोने माझा हात हळूच खाली घेतला. तळव्याला रक्त आलं होतं. तो त्याकडेच बघत राहिला.

"ताई, मी झाडापाशी ओदी म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. आतून उत्तरही आलं. मामाच बोलला."

"काय बोलला?"

"येऊ नका म्हणाला. आणि मी मालकाला सांगितलं, बांधा."